आयोनच्या बोटीचं दार

पहिली बोट बघून झाली तेव्हा व्हर्लिन म्हणाला, "वाईट नाही," आणि अर्लिसचा जीव सुपाएवढा झाला. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द त्याच्या तोंडून तिने मोजून तीन वेळा ऐकले होते. जनेल जन्मली तेव्हा, दुकान विकून तळ्याकाठी घर घेतलं तेव्हा, आणि बहिणीच्या लग्नात तिने निळा ड्रेस घातला होता तेव्हा. मिनेसोटात याच्यावरची स्तुती नसतेच. याहून जास्त कुणी बोललं, तर लोकांना वाटतं याला काहीतरी विकायचंय.

खरं तर बोट दिसायला गबाळी होती. पॉन्टून म्हणजे तशीही बोट कमी आणि बैठकीची खोली जास्त. दोन लांब पोकळ नळ्या, त्यांवर सपाट फळी, भोवती कठडा, कडेने सोफे, डोक्यावर कापडी छत. पोरंबाळं, सँडविचचा डबा, कुत्रं, सगळं वर चढवायचं आणि बदकाच्या चालीने तळ्याला वळसा घालून यायचं. या बोटीच्या सोफ्यांवर कुणाच्या तरी मांजरीने नखं परजली होती, आणि कठड्यावर भडक जांभळे पट्टे होते. पण दार रुंद होतं.

मालक ड्वेन विचोरेक दीड तासावरच्या गावचा, तोंडाचा फटकळ. त्याने नमस्कार-चमत्कारांच्या आधी विचारलं, "खुर्ची किती रुंद?" आणि उत्तराची वाट न बघता खिशातून टेप काढून व्हर्लिनच्या गुडघ्यांशी वाकला. "सत्तावीस इंच. दार बत्तीस. घाला आत, बघता काय!"

व्हर्लिनने उजव्या हाताने खुर्चीची कळ पुढे ढकलली. त्याचा तेवढाच हात आता त्याचं ऐकत होता. खुर्ची धक्क्यावरून बोटीत गेली, सोफ्यांमधून सरळ पुढे जाऊन कठड्यापाशी थांबली. पाणी त्याच्या पावलांपासून हातभर खाली चकाकत होतं. तो बघत राहिला. तेव्हाच तो म्हणाला, "वाईट नाही."

मार्चमध्ये, तळ्यावर अजून गाडी चालवता येईल इतका बर्फ होता तेव्हा, जेवता जेवता तो म्हणाला होता, "या उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून पाण्यावर जाता आलं तर बरं." आजार कळल्यापासून दोन वर्षांत त्याने मागितलेली ही पहिली गोष्ट. आधी पाय गेले, मग डावा हात, आता मान आणि आवाज कुरकुर करू लागले होते. डॉक्टर म्हणाले होते, हा उन्हाळा चांगला जाईल. पुढच्या उन्हाळ्याबद्दल ते बोलले नव्हते, आणि या दोघांनी विचारलं नव्हतं.

"मग? घेताय?" ड्वेनने विचारलं. "गुरुवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय. तुम्ही हो म्हणालात तर त्यांना येऊच नका म्हणून सांगतो."

'हो' अर्लिसच्या अगदी जिभेवर होतं. पण पहिल्या फटक्यात हो म्हणायचं म्हणजे ताटात वाढायच्या आधी घास उचलायचा. तिने व्हर्लिनकडे पाहिलं. व्हर्लिन तिच्याकडे बघत होता, तिने काय ते ठरवावं म्हणून.

"आम्ही विचार करून कळवतो," अर्लिस म्हणाली.

"विचार? कसला?" ड्वेनला खरंच कळेना. "बरं, बुधवारपर्यंत कळवा."

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती, आणि अर्लिस साखर ढवळत असताना आयोन हौगलंड शेजारी येऊन उभी राहिली. आयोनचा नवरा ओरिन गेल्या ऑक्टोबरात गेला. ओरिन आणि व्हर्लिन यांनी तीस हिवाळे बर्फावरच्या एकाच खोपट्यात, बर्फाला पाडलेल्या एकाच भोकापाशी बसून मासे धरले होते, आणि त्या तीस हिवाळ्यांत दोघांचं बोलणं सगळं मिळून एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

"पॉन्टून शोधताय म्हणे," आयोन म्हणाली.

अर्लिसने हे फक्त औषधाच्या दुकानातल्या बाईला सांगितलं होतं. म्हणजे गावाला सांगितल्यासारखंच.

"मग मला का नाही विचारलंस? ओरिनची शेडमध्ये नुसती उभी आहे."

"अगं, ओरिनची कशी घ्यायची आम्ही!" हा पहिला नकार. तो द्यावाच लागतो.

"का? मी काय करू तिचं, जिरेनियमची रोपं लावू आत?"

"तुझ्या मुलांना लागेल गं." हा दुसरा.

"मुलं ॲरिझोनात. तिथे बोट वाळूवरून ओढायची का?"

"तरीपण. तुला जड जाईल." हा तिसरा.

"व्हर्लिनकडे गेली तर नाही जाणार जड," आयोन म्हणाली, आणि भसकन वळून दुसऱ्यांचे अर्धे भरलेले कप गोळा करायला लागली. एका म्हाताऱ्याने आपला कप परत मागितला, तेही तिला ऐकू गेलं नाही.

नकार तीनच असतात. चौथा नकार म्हणजे भांडण. अर्लिसचे संपले होते.

"उद्या ये बघायला," कप घेऊन जाता जाता आयोन म्हणाली. "कॉफी टाकते."

सोमवारी अर्लिस एकटीच गेली. आयोनच्या शेडची वाट खडीची, वर चढाची. खुर्ची तिथे रुतली असती. निघताना तिने ड्वेनसारखीच एक टेप कोटाच्या खिशात घातली. मोजायचं, दोन इंच जरी कमी असलं तरी सरळ सांगायचं, आयोन, बोट सुरेख आहे पण खुर्ची जात नाही. यात कुणाचा अपमान नाही. इंच म्हणजे इंच. गाडीत तिने हे वाक्य चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. चारही वेळा छान जमलं.

आयोनने ताडपत्री ओढली आणि बोट दिसली. पांढरीशुभ्र, कुठे ओरखडा नाही. ओरिन दर शरद ऋतूत तिला मेण लावून झोपवायचा, लेकरासारखी. सोफ्यांच्या शिवणीसुद्धा पुसलेल्या.

"आणि हे दार," आयोन म्हणाली, "हे त्याने स्वतः केलंय. आधीचं रुंद होतं. नातवंडं रांगती होती ना तेव्हा, पडतील म्हणून त्याला झोप यायची नाही. सगळं कापून खांब आत घेतले, छताचा भार त्यांच्यावर टाकला. दोनदा मोजल्याशिवाय कापायचा नाही तो काही. माहितीय ना तुला."

अर्लिसचा हात खिशात टेपवर होता. तिने तो तिथेच ठेवला.

आता कसं काढायचं ते? मेलेल्या माणसाने दोनदा मोजून केलेलं दार, त्याच्या बायकोसमोर तिसऱ्यांदा मोजायचं? डॉलर-सेंटचा व्यवहार असता तर गोष्ट वेगळी. हे म्हणजे प्रार्थनेत मध्येच हात वर करून शंका विचारण्यासारखं.

"छान आहे दार," अर्लिस म्हणाली. तिच्या मते तिने प्रश्न विचारला होता.

"आहे ना," आयोन म्हणाली.

स्टुलावरून चढून अर्लिस दारातून आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. कुल्ल्यांना दोन्हीकडे थोडी थोडी जागा राहत होती. पण स्वतःच्या कुल्ल्यांचं आणि व्हर्लिनच्या खुर्चीचं नातं तिने आजवर कधी तपासलं नव्हतं, आणि आता तिथे उभ्या उभ्या ते तपासायचं कसं? आयोन कॉफी आणायला घरात गेली तशी ती पटकन वाकली आणि वितीने मोजलं. एक, दोन, तीन, आणि थोडंसं. एवढ्यात आयोन ट्रे घेऊन शेडच्या दारात आली, आणि अर्लिसने ती वीत तशीच कठड्यावर फिरवली, जणू धूळ बघतेय.

"धूळ नाही सापडायची तुला," आयोन हसून म्हणाली.

ऱ्हुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या होत्या, कॉफी होती. दोघी बोटीतच बसल्या, शेडमध्ये, कोरड्या जमिनीवर. आयोन सुकाणूच्या खुर्चीवर बसली आणि तिने दोन्ही हात चाकावर ठेवले. वडी बशीत तशीच राहिली. बराच वेळ ती समोरच्या भिंतीवरच्या फावड्यांकडे अशी बघत होती, जणू पुढून दुसरी एखादी बोट येतेय.

अर्लिसला एकदम वाटलं, हिला विकायचीच नाहीये.

"आयोन, तुला ठेवायची असेल तर—"

"छे छे! मी काय करणार?" आयोनने चाकावरून हात झटकन काढले. "मला बोटीचा ट्रेलरसुद्धा मागे घेता येत नाही. शिवाय तुम्ही एवढं म्हणालात—"

कुणीच एवढं म्हणालं नव्हतं. पण अर्लिस म्हणाली, "हो ना," आणि दुसरी वडी घेतली.

घरी आल्यावर तिने कोटसुद्धा न काढता व्हर्लिनच्या खुर्चीला वीत लावली. एक, दोन, तीन, आणि थोडंसं. दोन्हीकडे थोडंसं. प्रश्न होता तो त्या थोड्याशाचाच.

"काय करतेस?" व्हर्लिनने विचारलं. त्याचे शब्द आता ओले झाल्यासारखे यायचे, एकमेकांना चिकटून.

तिने सांगितलं. सगळं नाही, पण दार अरुंद वाटतं, एवढं सांगितलं. आणि मनात म्हणाली, आता हा म्हणेल की जांभळ्या पट्ट्यांची घे. एकदा म्हणू दे. बाकी मी बघते.

व्हर्लिन खिडकीबाहेर बघत होता. "तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"तुला काय वाटतं ते महत्त्वाचं. फिरायचं तुला आहे."

"चालवणार तू."

"अरे पण बसणार तू!"

तो थोडा वेळ गप्प बसला. गप्प बसला की तो विचार करतोय की दम घेतोय, हे तिला हल्ली कळेनासं झालं होतं. मग म्हणाला, "आयोनला नाही कसं म्हणणार."

हा प्रश्न नव्हता.

संध्याकाळी जनेलचा फोन आला. जनेल शहरात राहून शहरासारखी झाली होती, जे वाटतं ते बोलायची. "आई, टेप खिशात होती आणि तू वितीने मोजलंस? वितीने? कोणत्या शतकात राहतेस?"

"तू तिथे असतीस तर तुलाही नसती काढता आली."

"मी तिथे असते तर बाबांची खुर्चीच नेली असती वर उचलून! आयोनकाकूला फोन कर आणि सांग, नको. दोन अक्षरं आहेत."

"तसं नाही सांगता येत गं."

"मग मी सांगते."

"खबरदार!" अर्लिस इतक्या जोरात म्हणाली की व्हर्लिनने मान वळवायचा प्रयत्न केला. "तू एक शब्द बोलायचा नाहीस. आम्हाला इथे राहायचंय."

मंगळवारी सकाळी तिने मनाची तयारी केली. ड्वेनला फोन करायचा, हो म्हणायचं, आणि मग आयोनकडे जाऊन, एकदा का हो म्हणून झालं की, सांगता येईलच. कसं ते नंतर बघू. तिने नंबर काढून चष्मा शोधला. चष्मा सापडेपर्यंत दारावर टकटक झाली.

आयोन. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काचेचं भांडं, वर भाजलेल्या बटाट्याच्या गोळ्या, अजून फसफसणाऱ्या. आणि भांड्याच्या झाकणावर बोटीची किल्ली.

"शनिवारी पाण्यात उतरवून तुमच्या धक्क्याला आणून लावतील," ती घाईघाईने म्हणाली, पाठ केल्यासारखी. "सगळं ठरवून आलेय. मागे फिरले तर पुन्हा जमायचं नाही मला."

तिने किल्ली टेबलावर ठेवली, आणि हात तिच्यावरून लगेच काढला नाही. अर्लिसने ते पाहिलं. त्या क्षणी दोघींपैकी कुणीही एक जरी म्हणाली असती, "मला नको आहे हे," तर दुसरीने तिचे हात धरले असते. पण अर्लिस म्हणाली, "अगं, एवढं जेवण कशाला केलंस?" आणि आयोन म्हणाली, "कसलं जेवण, उरलंसुरलं होतं." भांडं ओव्हनमधून आत्ताच निघालेलं होतं.

बुधवारी अर्लिसने ड्वेनला फोन केला. तिने इतक्या वेळा माफी मागितली, आणि त्याच्या बोटीचं इतकं कौतुक केलं, की शेवटी तो वैतागून म्हणाला, "बाई, घेताय की नाही?"

"यावेळी नको," अर्लिस म्हणाली. परक्याला नाही म्हणणं किती सोपं होतं, याचं तिला फोन ठेवल्यावर आश्चर्य वाटत राहिलं.

शनिवारी ऊन पडलं. तळं निवांत, वारा नाही. जनेल, तिचा नवरा कर्ट आणि दोन्ही नाती आल्या. मारेन नऊ वर्षांची, सोलवेग सहा. दोघींनी नाश्त्यालाच नारिंगी लाइफ जॅकेटं घातली होती आणि त्यांतच पॅनकेक खाल्ले. ओरिनची बोट धक्क्याला बांधलेली होती, उन्हात दुधासारखी. आयोनही आली, कुकीचा डबा घेऊन, "नुसतं निघताना बघते आणि जाते" म्हणत.

व्हर्लिनला नवी टोपी घातली होती. खुर्ची धक्क्यावरून सरसर गेली, फळीवर चढली, दारात शिरली, आणि दोन्हीकडून एकदम थांबली.

त्याने कळ मागे ओढली, पुन्हा पुढे ढकलली. ठक. बोट जराशी हलली आणि पुन्हा धक्क्याला येऊन टेकली.

"थांबा, तिरकी करा," कर्ट म्हणाला. तिरकी केली. तिरकी तर आणखी रुंद. जनेलने स्वयंपाकघरातून टेप आणली. दार साडेपंचवीस इंच. दीड इंच कमी.

"अगंबाई," आयोन म्हणाली. तिचा हात तोंडावर गेला. "मी मोजायला हवं होतं."

"नाही नाही, मी मोजायला हवं होतं," अर्लिस म्हणाली.

"तू कशी मोजणार? मीच उभी होते ना तिथे."

"तुझी काय चूक त्यात?"

"आई! काकू!" जनेल म्हणाली. "बाबा अडकलेत!"

खुर्ची मागे घेतली. मग सगळ्यांनी जे सुचेल ते सुचवलं. कर्ट म्हणाला, मी उचलून आत ठेवतो. पण व्हर्लिनची मान आता पट्ट्याशिवाय सरळ राहत नव्हती, आणि थेरपिस्टने बजावलं होतं, यंत्राशिवाय उचलायचं नाही, एकदा मान मागे गेली तर संपलं. घडीची हलकी खुर्ची होती, तिला मानेचा आधार नव्हता. कर्टने खांबांवर हात फिरवला आणि आयोनकडे बघून हळूच म्हणाला, "हे कापता येईल, पण छत खाली येईल. पुन्हा जोडून घ्यावं लागेल."

"कापा," आयोन म्हणाली. "कापा ना. आत्ता कापा." तिचा आवाज फाटला. ओरिनचं दार कापलं जाणार म्हणून नव्हे. एवढं सरळ ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली असेल म्हणून.

कर्टने धक्क्यावरूनच फोन केले. असं काम करणारे आसपास तिघेच. उन्हाळा म्हणजे त्यांचा मोसम, दारात बोटींची रांग. सगळ्यांत लवकरची तारीख ऑगस्टचा तिसरा आठवडा, म्हणजे इथला उन्हाळा संपता संपता. जनेलने ड्वेनला फोन लावला. जांभळ्या पट्ट्यांची बोट गुरुवारीच गेली होती.

"ऑगस्ट," व्हर्लिन म्हणाला. लांबच्या एखाद्या गावाचं नाव घ्यावं तसं. सोलवेग म्हणाली, "मग आता आपण जायचं नाही का?" आणि मारेनने तिला कोपराने ढोसलं.

"जा तुम्ही," व्हर्लिन म्हणाला. "फिरून या."

"तुझ्याशिवाय? मुळीच नाही," अर्लिस म्हणाली.

"जा. मी बघतो इथून."

"उद्या बघू काहीतरी. तोपर्यंत बोटही कुठे—"

"अर्लिस." त्याने दम घेतला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला, आणि ते जुळेपर्यंत सगळे उभे राहिले. "पोरी. जॅकेटं. सकाळपासून."

अर्लिसला तो खरंच जा म्हणतोय की शिष्टाचाराने, हे कळेना. चाळीस वर्षं तिला ते त्याच्या आवाजाच्या चढ-उतारावरून कळायचं. आता आवाजाला चढ राहिला नव्हता, सगळा उतारच होता. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. टोपीच्या सावलीत डोळेही नीट दिसेनात.

"मी बसते त्याच्यापाशी," आयोन म्हणाली, आणि घडीची खुर्ची उघडून त्याच्या शेजारी बसली. तिनेही बोटीत पाऊल टाकलं नाही, आणि तिला कुणी बोलावलंही नाही.

मग काय करणार? पोरी चढल्या. जनेल चढली, कर्टने दोर सोडला. सुकाणूवर अर्लिस बसली. इंजिन पहिल्या हाकेला चालू झालं, ओरिनने ठेवलं होतं तसं, कुरकुर नाही, धूर नाही. बोट पाण्यावरून लोण्यासारखी सरकली. एवढी चांगली बोट होती, की अर्लिसला ती मध्येच बंद पडावी असं वाटून गेलं.

पन्नास-साठ हात गेल्यावर तिने मागे पाहिलं. धक्क्यावर दोघं शेजारी शेजारी. तिने चाक फिरवलं, बोट वळवली, धक्क्यासमोरून पुन्हा गेली. पोरींनी हात हलवले. आयोनने हलवला.

"आई, जरा आत घे ना," जनेल म्हणाली. "त्या बेटापर्यंत तरी."

"घेते."

तिने घेतली नाही. पुन्हा वळवली.

दुसऱ्या फेरीला व्हर्लिनचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून वर आला. फार नाही, वीतभर. आणि तसाच राहिला. जा, लांब जा, असं म्हणत होता? की या, पुरे? की नुसताच हात हलवत होता, तळ्यावर समोरून येणाऱ्या कुठल्याही बोटीला हलवतात तसा? आयोन त्याच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होती. मग ती उठून उभी राहिली, काहीतरी ओरडली, पण इंजिनाच्या आवाजात ते पोचलं नाही.

"काय म्हणताहेत?" कर्टने विचारलं.

"कळलं नाही," अर्लिस म्हणाली.

"आजी, आपण गोल गोलच का फिरतोय?" सोलवेगने विचारलं.

अर्लिसने वेग कमी केला, मग वाढवला, मग पुन्हा कमी केला. जनेलने पाठीमागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. धक्का डाव्या हाताला येत होता. व्हर्लिनचा हात अजून वरच होता, आणि आता आयोनने खालून आपला तळहात लावून त्याला आधार दिला होता. अर्लिसने चाक घट्ट धरलं आणि आणखी एक वळण घेतलं.